डाव्या नाकपुडीचा चौथा टाका

मी एक टाका आहे. निळ्या नायलॉनचा, केसासारखा बारीक. एका मुलीच्या डाव्या नाकपुडीच्या मुळाशी माझा जन्म झाला आणि आयुष्य सात दिवसांचं ठरलं.

नाकपुड्या अरुंद करायचं ते ऑपरेशन. डॉक्टरबाईंनी दोन्हीकडची जराशी कड काढली आणि प्रत्येक बाजूला आम्हा चौघा-चौघांना कामाला लावलं. मी डावीकडचा शेवटचा. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, डोक्याखाली उंच उशी घ्यायची आणि आठवडाभर आरशाच्या नादी लागायचं नाही. शेवटची सूचना सोडून तिने सगळं पाळलं.

तिचे वडील शिंपी. खाली दुकान, वर घर. ते रुंद नाक त्यांचंच होतं, आणि त्यांच्या बहिणीचंही. आत्या भेटायला आली तेव्हा हसत म्हणाली, "आमची नाकं काय भाड्याची होती का गं?" वडील हसले नाहीत. ऑपरेशनपासून ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. बोलायचे ते तिच्या खांद्याशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी डावी बाजू टम्म फुगली. आम्ही कातडीत रुतलो. आरशात तिला डावी नाकपुडी उजवीच्या निम्मी दिसली. ती तशीच जिना उतरून दुकानात गेली.

"बाबा, हे वाकडं झालंय. बघा ना."

त्यांनी चष्मा लावला, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. शिंप्याची नजर ती. नाक राहिलं बाजूला, त्यांना आम्हीच दिसलो. टाका आवळला की कापडाला चुण्या पडतात. तो उसवला की कापड सरळ होतं. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

"ताणून घातलेत," ते म्हणाले. "एखाद-दुसरा काढला की बसेल."

डॉक्टरांना विचारू या, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तीन दिवसांत पहिल्यांदाच बाबा तिच्या तोंडाकडे बघून बोलत होते. तिने हनुवटी आणखी वर केली.

उसवायची टोकदार कात्री त्यांनी उकळत्या पाण्यातून काढली. पातं माझ्या शेजाऱ्याखाली शिरलं. तो तुटला, जखमेने तोंड उघडलं आणि सगळा ताण माझ्यावर आला. रक्ताचा एक थेंब तिच्या ओठावर उतरला.

"अजून एक काढा," डोळे मिटून ती म्हणाली.

पातं माझ्याखाली आलं. तिथेच थांबलं. त्यांचा अंगठा तिच्या गालावर होता, आणि गाल गरम होता, ओलसर, सुजेने जड.

"भिजलेलं कापड आहे हे," ते हळूच म्हणाले. "भिजलेल्या कापडाचं माप घेतलं मी." कात्री त्यांनी खाली ठेवली. "चल दवाखान्यात. काय केलं ते मीच सांगतो."

डॉक्टरबाई दोघांवरही रागावल्या. सूज दोन्हीकडे सारखी नसतेच, खरा आकार दिसायला महिने जातात, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. फटीवर कागदी चिकटपट्ट्या लावल्या. जखम उसवली तर ठळक व्रण राहणार होता.

पुढचे चार दिवस मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. वडिलांनी दुकानातला उभा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. कपडे कसे दिसतात हे गिऱ्हाइकं त्यांनाच विचारू लागली.

आज सातवा दिवस. चिमट्याने मला उचललं. जखम धरली होती. शेजाऱ्याच्या जागी तेवढी बारीक रेघ राहील म्हणे. डॉक्टरबाईंनी आरसा पुढे केला. मुलीने तो घेतला नाही, वडिलांकडे तोंड वळवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. खांद्याकडे नाही, नाकाकडे.

"अजून सुकायचंय," ते म्हणाले. "पण आत्या ओळखेल तुला."

मी आता ट्रेमधल्या कापसावर पडलो आहे. थोड्याच वेळात कचऱ्यात जाईन. त्याचं दुःख नाही. जाता जाता एकच मागणं आहे. ताज्या जखमेकडे बघून निकाल देऊ नका, स्वतःच्या चेहऱ्याचा तर नाहीच. आम्हाला आमचे सात दिवस द्या.