साडेचार ते साडेअकरा

जागृतीने आपल्या मोबाइलवरून सोसायटीचा नंबर लावला. समोरच्या टेबलावरचा फोन गप्पच राहिला आणि तिच्या कानात बाईचा गोड आवाज आला, "कार्यालय बंद आहे." भरदुपारी सव्वाबाराला. घिवलीच्या मच्छीमार सोसायटीचं कार्यालय सताड उघडं होतं आणि फोन सांभाळणारे दादूकाका त्याला चिकटून बसले होते.

"बगितलंस? आणि मी झोपतो म्हनतात," ते म्हणाले.

तसं म्हणणारे चेअरमन कृष्णकांत दारातच उभे होते. दुपारी फोन लागत नाही म्हणून व्यापारी आठवडाभर ओरडत होते. संध्याकाळच्या सभेत दादूकाकांच्या जागी दुसरा माणूस ठरणार होता. गुडघ्यांनी होडी सोडायला लावल्यापासून त्यांना या खुर्चीचाच काय तो आधार.

जागृती फोनचा सर्व्हर तपासायला बोईसरहून आली होती. सर्व्हरचं घड्याळ बरोबर होतं. कार्यालयाच्या वेळा उघडल्या आणि ती थबकली. पहाटे साडेचार ते सकाळी साडेअकरा.

"या वेळा कोणी टाकायला सांगितल्या?"

दादूकाकांचा चेहरा उतरला.

"मीच. गेल्या वर्सी याचं घड्याळ साडेपाच तास मागं चालायचं. आता भरती रोज वेळ बदलते, तिला कोन दटावतं? आमीच सरकून घेतो. तसंच म्हटलं, आपल्या वेळा मागं घ्या."

जागृतीला हसू आलं. सर्व्हर तेव्हा ग्रीनिचच्या वेळेवर होता. गेल्या शनिवारी तिच्याच कंपनीने तो भारतीय वेळेवर आणला, सरकवलेल्या वेळा मात्र कोणी पाहिल्याच नाहीत. तिने कार्यालयाची खरी वेळ, दहा ते पाच, टाकली आणि पुन्हा नंबर लावला. टेबलावरचा फोन खणखणला. कृष्णकांतांनी मान डोलावली.

"पण काका, या आठवड्यात पहाटेचे बेचाळीस फोन दिसतायत. सगळे उचललेत."

"इथं कोनी नसलं की माझ्या मोबाइलवर येतात. मासळी विकनाऱ्या बायका असतात. होड्या लागायच्या आत बर्फ सांगून ठेवतात. मी जागाच असतो तवा. बरं वाटतं."

"मग बोलला का नाहीस?" कृष्णकांतांनी विचारलं.

"बोललो असतो तर बंद केले असते तुमी."

कृष्णकांतांना स्वतःचीच लाज वाटली. ते पुढे आले.

"पोरी, पहाटे साडेचारपासूनच ठेव. संध्याकाळी पाचपर्यंत."

तिने वेळ बदलली. तेवढ्यात फोन वाजला. दादूकाकांनी हात पुढे केला.

"राहू दे. पहाटेपासून फोन घेतोयस तू," म्हणत कृष्णकांतांनी दुसरी खुर्ची ओढली आणि फोन स्वतः उचलला.