डॉक्टरांचा उसना चेहरा

फोटो स्टुडिओवाल्याला सगळी गल्ली ‘हसाकाका’ म्हणायची, कारण कॅमेऱ्यामागून तो प्रत्येकाला एवढं एकच सांगायचा. वय छप्पन्न, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दुकानात गल्ल्यावर थोरली बहीण बसायची, आणि ती असली की त्याच्या वाट्याला बोलणं फारसं येत नसे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो पडद्यामागे स्टुलावर बसून फोनवरच्या एका चॅटरूममध्ये शिरायचा. फक्त प्रौढांसाठी, सगळे अनोळखी. तिथे फोटो लावावा लागे, आणि स्वतःचं टक्कल दाखवणं त्याच्या जिवावर आलं. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीसाठी काढून घेतलेला फोटो कॉम्प्युटरवर होताच. त्याने तोच लावून टाकला.

महिनाभरात ‘साखरझोप’ नावाच्या बाईशी सूत जुळलं. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग बोलणं रंगेल झालं. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे कान तापावेत इतपत.

एका दुपारी तिने लिहिलं, ‘परवा माझी दाढ काढलीत. इतकं बोलतो आपण, आणि ओळखही दाखवली नाहीत?’

हसाकाकाची बोबडीच वळली. थाप मारावी तर दाढ वरची की खालची, तेही ठाऊक नव्हतं. त्याने खरं काय ते लिहून टाकलं.

मग तिने सांगितलं की ती बावीस वर्षं एका वकिलांकडे टायपिस्ट आहे आणि असली प्रकरणं तिच्या हाताखालून जातात. दुसऱ्याचा चेहरा लावून बोलणं हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय तो जे जे चावट लिहितो ते डॉक्टरांच्या नावाला चिकटतं, आणि लिहिलेलं कोण जपून ठेवेल याचा भरवसा नाही.

‘“फक्त प्रौढांसाठी” असं लिहिलं म्हणून कायदा दाराबाहेर थांबत नाही,’ तिने शेवटी लिहिलं. ‘आजच तो फोटो काढून टाका आणि डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगा. त्यांना दुसरीकडून कळलं, तर मीच टाईप केलेली नोटीस तुमच्या दारात येईल.’

त्याने फोटो काढून टाकला आणि बहिणीला सगळं सांगितलं. तिने अर्धं शटर ओढलं आणि भावाचा दंड धरून रस्ता ओलांडला.

दवाखान्यात डॉक्टरांची बायको नंबर लावायचं काम बघायची. त्या घरात बातमी आधीच पोचली होती. कुणीतरी तो फोटो तिला दाखवला होता, चार दिवस नवराबायकोत अबोला होता, आणि डॉक्टर संध्याकाळी पोलिसांकडे जायला निघणार होते. हसाकाकाने मान खाली घालून कबुली दिली. डॉक्टर रागाने लाल झाले.

त्यांच्या बायकोने हसाकाकाच्या फोनवर त्याने लिहिलेल्या चार ओळी वाचल्या.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो, वहिनी. चुकलो.”

“तरीच. सोळा वर्षांत ह्यांनी मला ‘आ करा’च्या पलीकडे गोड काही म्हटलेलं नाही.”

आधी बहीण हसली, मग वहिनी, आणि अगदी शेवटी, नाइलाजाने, डॉक्टर. पण त्यांनी फुकट सोडलं नाही. फोटो कुठे वापरला, किती दिवस, कधी काढून टाकला, सगळं लिहून घेतलं. खाली हसाकाकाची सही आणि साक्षीदार म्हणून बहिणीची. पुन्हा असं झालं तर बोलायला यायचं नाही, सरळ पोलीस, असं त्यांनी बजावलं. त्या सहीनंतर हसाकाकाच्या जिवात जीव आला.

दोन दिवसांनी बहिणीने त्याला स्टुलावर बसवून सात वेळा फोटो काढला. सातवा त्याने टकलासकट चॅटरूममध्ये लावला आणि साखरझोपेला लिहिलं की हा मी, आता नको वाटलं तर वाईट वाटून घेणार नाही.

शनिवारी त्यांची वाचनालयात भेट झाली. सुती साडीतली, चष्मा लावलेली ती बाई आधी जरा अवघडून बसली. मग म्हणाली, “मीही वय सात वर्षांनी कमी सांगितलं होतं.”

“हे कुठल्या कलमात बसतं?”

“साहेबांना विचारून सांगते.”

मग तिने ऑफिसातल्या भांडखोर पक्षकारांचे किस्से सुरू केले. तो मधून मधून प्रश्न विचारत राहिला. शिपाई खिडक्या लावायला आला तेव्हा ती तिसऱ्या किश्श्याच्या मध्यावर होती.