यंदाचा पहिला नंबर

सुळा अजून फारच सरळ उभा होता... गुलाबी मेणात रोवलेला, शेंगदाण्याच्या अर्ध्या फाकेएवढा दात, शेजारच्या दातांना खांदा लावून उभा — आणि म्हणूनच खोटा दिसणारा. त्याने चाकूचं टोक ज्योतीवर धरलं, मेण जरासं मऊ केलं आणि बोटाच्या पेराने सुळा किंचित बाहेर वळवला. कवळ्या करण्यात अर्धं आयुष्य गेल्यावर एवढं कळायला लागतं, की एकसारख्या दातांवर कुणी विश्वास ठेवत नाही. एखादा जरा वाकडा बसवला, की बघणारा पुढे शंका काढत नाही. आज मात्र सुळा जास्तच वळला आणि त्याला मेण पुन्हा तापवावं लागलं.

मघाशी मेहुणीचा फोन येऊन गेला होता. ती नेहमीप्रमाणे उत्साहात — ताईने यंदा पहिला नंबर दिलेला तो होडीतल्या बाईचा पिक्चर, तो म्हणे आता घरी टीव्हीवर बघता येतो, तर संध्याकाळी मी येते, तिघं मिळून बघू, ताईला आधी सांगू नका. तो ‘बरं’ म्हणाला. नको म्हणायला कारण लागतं, आणि त्याच्याकडे कारण एकच होतं: तो पिक्चर त्याने पाहिलेला नव्हता. तिकीट काढलं होतं, खुर्चीत बसला होता, दिवे मंद झाले तेवढं आठवतं... त्यानंतर थेट झाडूवाल्याने खांदा हलवला तो.

“काय पिक्चरवाले, वर्ष संपत आलं, तुमचा निकाल कधी?” पलीकडच्या टेबलावरून पॉलिशवाल्या बाई ओरडल्या. दरवर्षी डिसेंबरात चहाच्या वेळी तो आपले आवडते पिक्चर जाहीर करायचा. निम्मे लोक ते बघायला जायचे आणि निम्मे कटाक्षाने टाळायचे. पेपर अजून तपासतोय, म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. बाईंना काय सांगणार — की यंदा एकही पिक्चर धड बघितला नाही, आवडते म्हणायचे तर ज्यांत गाढ झोप लागली ते. एक युद्धाचा होता, तोफा धडाडत होत्या म्हणे, काय झोप लागली होती त्यात!

घरी झोप येत नव्हती, हे खरं दुखणं. वसंतात बायकोचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रात्री तिच्या श्वासाकडे कान लावून पडायचं. श्वास जड झाला की पाणी हवंय का, कूस बदलायची का... दर शनिवारी मेहुणी येऊन बसायची आणि बायकोच त्याला हाकलायची — जा, बघून ये, मला येऊन सांग, निदान एकाने तरी बघावं. दोघांची ओळखच तिकिटाच्या रांगेतली. पुढे लग्न झालं, पण अहो-जाहो काही जमलं नाही, आणि वर्षाअखेरीस यंदाचा पहिला नंबर कुणाला यावरून कडाकडा भांडायचं, हेही सुटलं नाही. म्हणून तो जायचा. आणि त्या काळोखात, जिथे कुणाच्याही श्वासाची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, तिथे मेल्यासारखा झोपायचा.

पहिल्यांदा झोपला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण ती उशीला टेकून, डोळे मोठे करून वाट बघत होती... आणि त्याच्या तोंडून गोष्ट निघाली. बाहेरच्या पोस्टरवर जे दिसलं, जिना उतरताना लोक जे बोलले, त्यावरून बेतलेली. मग दर शनिवारी. मध्यंतरानंतर जरा रेंगाळतो हं, नायिकेची आई काही पटत नाही, असं काहीतरी तो मुद्दाम घालायचा, म्हणजे संशय येत नाही. पोस्टरवर होडीत बसलेली बाई होती, तर त्याने सांगितलं: नदीवर पूल होतो, उतारू बंद होतात, तरी ही बाई रोज सकाळी रिकामी होडी पलीकडे नेते. का नेते, ते कुणालाच कळत नाही. शेवटी ती पुलाखालून जाताना वर बघते, बस्स. बायको म्हणाली, यंदाचा पहिला नंबर हाच, आता भांडायचं नाही.

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा मेहुणी आधीच येऊन बसलेली, टीव्ही पलंगासमोर ओढलेला. त्याने हातपाय धुतले आणि सवयीने विचारलं, आज कसं आहे? “डाव्या बाजूला जरा ठणकतंय,” बायको म्हणाली, “पण कालच्यापेक्षा कमी.” त्याला बरं वाटलं. दुखणं मोजायचं यंत्र नसतं, त्या सांगतील त्यावरच मी औषध ठरवणार, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि तोही दर आठवड्याला फोनवर सांगायचा, कमी होतंय डॉक्टर, हळूहळू पण कमी होतंय. नवी तपासणी पुढे ढकलली होती ती त्याच भरवशावर.

मग पिक्चर सुरू झाला. पाणी, धुकं, होडी... बाई होडीत बसलेली, अगदी पोस्टरवर होती तशी. आता वीज जावी, टीव्ही बिघडावा, मीच उठून वायर ओढू का, की सरळ म्हणू, मी झोपलो होतो गं, वर्षभर झोपलो होतो — आणि तेवढ्यात पाण्यातून एक माणूस वर आला, त्याने बाईला खाली ओढलं आणि बाई मेली. पहिल्या पाच मिनिटांत. पुढे पोलीस, कुत्री, तस्करांची टोळी, गाड्यांचा पाठलाग. ज्या बाईची गोष्ट त्याने तासभर सांगितली होती, ती किनाऱ्यावर चादरीखाली पडून होती.

मेहुणी आधी पडद्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे वळली. “भाऊजी, ही तर मेली की. ताई तर सांगत होती, पूल, रिकामी होडी...”

त्याने तोंड उघडलं.

“अगं, तो वेगळा,” बायको म्हणाली. मान वळवली नाही, पापणी हलली नाही. “ह्याने दोन्ही सांगितले होते, मीच नावांत घोळ केला. ह्या गोळ्यांनी डोकं ठिकाणावर असतं का माझं? बघ तू, हाही वाईट नाही.”

मेहुणीला ते पटलं. न पटायला काही जागाच नव्हती. थोड्या वेळाने ती पिक्चर थांबवून चहा टाकायला आत गेली. खोलीत दोघंच उरली, आणि पडद्यावर एक पोलीस अर्धं तोंड उघडून थिजलेला.

“कधीपासून?” त्याने हळूच विचारलं.

“पहिल्या शनिवारपासून.” ती हसली. “तुझ्या गालावर खुर्चीच्या कापडाची नक्षी उठलेली असते. तास तास जात नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला बरं वाटत होतं ना,” ती म्हणाली. “शिवाय तुझे पिक्चर चांगले असायचे.”

त्याला हसू आलं. छातीवरचा धोंडा उतरला, तिचा हात हातात घ्यावासा वाटला, आणि त्याने तो घेतलाही. इतकं साधं होतं तर, उगाच दिवसभर जीव टांगणीला लावला... पण हात हातात असतानाच मघाचं तिचं बोलणं पुन्हा कानांत घुमायला लागलं. किती सहज बोलली ती! सख्खी बहीण समोर बसलेली, आणि सांगताना आवाज तोच, चेहरा तोच, रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलताना असतो तोच. अडखळली नाही. दर शनिवारी तो सांगायचा आणि ती ऐकायची, डोळे मोठे करायची, मध्येच ‘मग?’ म्हणायची, सगळं माहीत असून. एवढं छान ऐकता येतं तिला, हे त्याला आजवर कळलं नव्हतं. आणखी काय काय येतं? तुला बरं वाटत होतं ना... मला बरं वाटावं म्हणून... त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मनगट बारीक झालं होतं. ऑपरेशननंतर अशक्तपणा राहतोच, असं तो डॉक्टरांना स्वतःच म्हणाला होता, त्यांनी न विचारता.

मेहुणी चहा घेऊन आली. पोलिसाचं तोंड मिटलं, गाड्या पुन्हा धावू लागल्या. बायकोने उशीवर अंग जरा सावरलं, आणि सावरताना क्षणभर श्वास रोखून धरला. एवढासा क्षण, रोजच येत असणार, रात्री काळोखात नुसत्या कानाने कसा कळणार?

“दुखतंय?” त्याने विचारलं.

“जरासं,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “कालच्यापेक्षा कमी.”

त्याने मान डोलावली. चहा हातात तसाच निवत होता. पडद्यावर कुणीतरी कुणावर तरी गोळी झाडली, मेहुणी दचकली. तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता, कालचं किती होतं ते आठवत होता, परवाचं, त्याच्या आधीचं... आणि त्याला फार भीती वाटत होती.