नावाआधीचं ‘कै.’

कमलाकर टिपणिसांच्या घरातली मुंगी साखर खायला शेजारी जायची आणि घरमालकाला वाईट वाटू नये म्हणून तोंड पुसून परत यायची. रविवारी ते भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत नसत. सुट्टीच्या दिवशी काट्यांची झीज कशाला? डास त्यांना चावायचा तो आधी शेजारी जेवून आलेला असायचा. लाईन आळीत कोणालाही विचारा, यातलं एक अक्षर खोटं म्हणणार नाही.

अशा माणसानं एकोणनव्वद साली आमच्या वाचनालयाच्या सभेत उभं राहून राहतं घर देऊन टाकलं.

झालं असं, की त्याच सभेत एका निवृत्त पोस्टमास्तरांनी वडिलांच्या नावानं पंखा दिला. पंख्याला इतक्या टाळ्या पडल्या की तो विजेची तार जोडण्याआधीच फिरला म्हणतात. कमलाकररावांना ते बघवेना. ते उठले आणि म्हणाले, आपण मृत्युपत्र केलं आहे. आपल्या पश्चात घर वाचनालयाचं. सगळी सभा उभी राहिली. बायकांच्या रांगेत त्यांची पत्नी कुमुदकाकू बसल्या होत्या. त्यांना ही बातमी सगळ्यांबरोबरच कळली. क्षणभर त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या आणि मग सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

मृत्युपत्र मात्र कुठंच नव्हतं. वाचनालयाचे अध्यक्ष दीनानाथ पेशानं वकील. त्यांनी थोडं रुसूनच विचारलं की हे काम माझ्याकडे कसं नाही आणलं. कमलाकरराव म्हणाले, अलिबागला केलं. अलिबाग बरं, त्यांनी मनात हिशेब केला, तिथं कोण बघायला जातो.

मग काय, खिडकीजवळची खुर्ची त्यांची झाली. वर्तमानपत्र आधी त्यांच्या हातात जायचं. त्या पानांची घडी मोडताना येणारा आवाज त्यांना फार आवडायचा. नव्या मुंबईतले बिल्डर तेव्हा पेढ्यांचे पुडे घेऊन पनवेलभर फिरत होते. त्यांनाही ते ऐटीत सांगायचे, दिलेली वस्तू विकता येत नाही. पेढे मात्र ठेवून घ्यायचे.

घरात एक गोष्ट विचित्र व्हायला लागली होती. कुमुदकाकू उरणला बहिणीकडे, शकूकडे गेल्या असताना कमलाकरराव माळ्यावर चढले. बायकोच्या पाठीमागे भांड्यांची हजेरी घ्यायची त्यांना सवय होती. पाहतात तर पितळेचा बंब नाही, परात नाही, मोठे डबे नाहीत. भांडी घासायला रोडपालीहून मालू यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला ओट्यावर उभी करून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात चोर म्हटलं आणि काढून टाकलं. काकू परतल्यावर सांगितलं, आपणहून सोडून गेली. खरं सांगितलं असतं तर माळ्यावर चढल्याचंही सांगावं लागलं असतं. काकूंना वाईट वाटेल म्हणून आळीनंही त्यांच्यापाशी तो विषय काढला नाही.

ब्याण्णवमध्ये वाचनालयाची नवी खोली झाली, तिथं दात्याच्या नावाची पाटी लागायची ठरली. पाटी बाळू पेंटरनं रंगवली. वर्धापनदिनी दीनानाथ वकिलांनी पडदा ओढला आणि आत ठळक अक्षरांत निघालं: ‘कै. कमलाकर टिपणीस यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांची वास्तू या संस्थेस प्राप्त.’

कै. कमलाकर पहिल्या रांगेत हार घालून बसले होते.

हसण्यानं खोलीचा नवा गिलावा पडायचा राहिला. बाळूला पुढं बोलावलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, “काका, घड्याळावर, कपाटावर, पंख्यावर मी जेवढी नावं काढली, तेवढे सगले गेलेले. जिता माणूस पण देतो, ह्ये मना काय ठाव?”

कमलाकररावांनी पुसायला फर्मावलं. बाळूनं रॉकेलचा बोळा फिरवला. रंग ओला होता, पण ‘कै.’ काही पुरतं जाईना, नावाआधी एक तांबूस डाग उरला. दीनानाथ म्हणाले, एवीतेवी पाटी बदलायचीच तर वाक्यही मृत्युपत्राबरहुकूम लिहू, अलिबागची नक्कल आणा. कमलाकररावांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे हारामुळं कळलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून कुमुदकाकू उभ्या राहिल्या. चारचौघांत त्या कधी बोललेल्या कुणाला आठवत नव्हतं.

“वकीलसाहेब, माझ्यामुळं संस्थेनं संकोच करू नये,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या माघारी मी उरणला शकूकडे जाईन, तिच्याशी बोलून ठेवलंय. तुम्हाला घर रिकामं मिळेल. पितळेची जड भांडी मी आधीच वाटून टाकली आहेत. बंब शकूकडे दिला, परात मारुतीच्या देवळात. ह्यांनी एवढं मोठं मन दाखवलं, मग मी भांड्यांत कशाला जीव अडकवू?”

टाळ्या पडल्या नाहीत. मालूला चोर ठरवलेलं आळीतल्या प्रत्येकानं ऐकलं होतं. खोलीत पाय हलवायला जागा नव्हती, पण सगळ्या माना कमलाकररावांकडे वळायला जागा झाली. काकूंच्या शेजारणीनं हळूच काकूंच्या कानात काहीतरी सांगितलं. कमलाकररावांनी ते पाहिलं आणि गळ्यातला हार काढून खुर्चीखाली ठेवला.

घरी आल्यावर काकूंनी आधी मालूचं विचारलं. त्यांनी कबूल केलं. माळ्यावर चढल्याचंही केलं. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर त्यातून उरलेलंही बाहेर पडलं.

“मृत्युपत्र नाही, कुमुद.”

“अलिबागला?”

“अलिबागलाही नाही.”

काकू म्हणाल्या, “अहो, मग मी टाळ्या कशाला वाजवल्या?”

लग्नानंतर बायकोनं आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या त्या त्याच एकदा, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तरी जुन्या सवयीनं ते पुटपुटले, की हे आपल्या दोघांतच राहू दे, मी गेल्यावर मला कोण विचारायला येणार आहे.

“मला येतील,” काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही, आणि वाया गेलेल्या अन्नाबद्दल ते काही बोललेही नाहीत. काकूंनी एवढंच सांगितलं: घर दिलेलं आहे, तसं लिहा. आणि साक्षीला मालूला आणा.

दीनानाथ वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. मसुद्यात त्यांनी आधी काकूंचा हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क घातला, मग वाचनालय. म्हणाले, हे वहिनींना सभेआधी विचारलं असतं तर बंब घरात राहिला असता. आणि मी पडलो संस्थेचा अध्यक्ष, तेव्हा साक्षीदार बाहेरचे दोन आणा.

बाळू लगेच तयार झाला. मालूसाठी कमलाकरराव रोडपालीला गेले. ती दारात सुकट निवडत होती. वाटेत त्यांनी मोठं भाषण जुळवलं होतं, त्यातलं “चुकलो” एवढंच तोंडातून निघालं, तेही सुकटीकडे बघत.

“कंचं भांडं चोरलं मी?” मालूनं विचारलं.

“कुठलंच नाही.”

“जोरात बोला. तवा तुमची सगली लाईन आली ऐकत होती. आता माजा गाव ऐकू दे.”

ते जोरात बोलले. शेजारच्या दोन दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या, तसे आणखी एकदा बोलले. मालू म्हणाली, साक्षीला येईन ते काकूंसाठी, कामाला येणार नाय.

सहीच्या दिवशी तिनं पेन हातात घेतलं नाही. “आदी वाचून दावा. यांचा भरवसा नाय.” दीनानाथांनी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. कमलाकरराव मान खाली घालून आपलंच मरण ऐकत बसले. मग त्यांनी सही केली, बाळूनं केली, मालूनं एकेक अक्षर जोडत केली.

बाळूनं विचारलं, पाटी नवी रंगवू का, तो डाग बरा दिसत नाय. कमलाकरराव म्हणाले, राहू दे. आता ते वाचनालयात जातात तेव्हा दाराजवळच्या बाकावर बसतात आणि पेपर सगळ्यांचा वाचून झाला की घेतात.

कुमुदकाकूंनी सहीच्या दिवशी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या पुढं झाल्या आणि मालूची सही वाळेपर्यंत कागदावर हलकी फुंकर घालत राहिल्या.