बांधावरचा निळा दोरा

नवीने खुरपं बाजूला ठेवलं आणि खड्ड्यात मनगटापर्यंत हात घालून चाचपडलं. ढेकूळ, मुळाचा तुकडा, पुन्हा ढेकूळ. जाळी नाही. सकाळपासून खणलेल्या खड्ड्यांची रांग तिच्या मागे पसरली होती आणि त्यांतल्या एकातूनही काही निघालं नव्हतं.

उद्या या प्लॉटमध्ये ट्रॅक्टर शिरणार होता. शेतावरच्या मुकादमाने स्पष्टच सांगितलं होतं, पेरणीआधी जमीन नांगरायची म्हणजे नांगरायची, तिच्या पोटात कोणाचं काय राहिलंय ते मला विचारू नका. तिच्या मार्गदर्शक सरांनी तर त्याहून स्पष्ट सांगितलं होतं. शेवटचा संच हाती आला तर काम पूर्ण आणि तिची जागा पक्की. नाही आला तर मालिका तुटली, आधीची सगळी मेहनत पाण्यात, आणि तुटक्या कामाला पुढची संशोधनवृत्ती कोणी देत नाही. मग चंबूगबाळं आवरून घरी जायचं. घरी जाऊन काय सांगायचं हे मात्र तिला अजून सुचलं नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. वाळलेली पानं तोलून जाळीच्या छोट्या पिशव्यांत भरायची, पिशव्या वीतभर खोल पुरायच्या, ठरलेल्या मुदतीने थोड्या थोड्या वर काढायच्या आणि आत किती उरलंय ते पुन्हा तोलायचं. कोणती माती किती भराभर खाते ते त्यावरून कळतं. अडचण एवढीच होती की या पिशव्या नवीने पुरल्याच नव्हत्या. जिने पुरल्या होत्या ती मुलगी गेल्या वर्षी वारली होती.

तिला प्रयोगशाळेत सगळे गांडूळताई म्हणायचे, कारण हात कायम मातीत. खुणेच्या काठ्या तिला मुळीच चालायच्या नाहीत. काठीवर पाखरं बसतात, काठीभोवतीची माती वेगळी होते, असं तिचं म्हणणं. कोणती पिशवी कुठे आहे ते ती नुसतं डोक्यात ठेवायची, आणि मुदत भरली की सरळ चालत जाऊन पहिल्या फटक्यात बाहेर काढायची. सर ही गोष्ट अजून कौतुकाने सांगत. कौतुक करायला त्यांचं काय जात होतं! नकाशा डोक्यात घेऊन ती निघून गेली आणि खड्डे खणायला उरली नवी.

येऊन दोन हंगाम झाले तरी ती नवीच होती. निवड झालेल्यांच्या खाली, प्रतीक्षायादीत तिचं नाव पहिलं होतं. ‘एक जागा रिकामी झाली आहे’ असा फोन आला तेव्हा तिने आनंदाने जिन्यातच उडी मारली होती. जागा कशाने रिकामी झाली ते तिला इथे आल्यावर कळलं, आणि ती उडी तेव्हापासून तिच्या घशात अडकून बसली होती.

स्टूल तिच्या उंचीचं नव्हतं. अ‍ॅप्रनच्या खिशात दुसऱ्या कोणाची तरी केसांची पिन निघाली होती. ती टाकून द्यायचं धाडस होईना, म्हणून तिथेच राहिली. तराजूवर पानं तोलताना मागे उभं राहून कोणी आकडा बघतंय असं वाटायचं, आणि वळून बघायची तिला सवयच लागली होती. मागे अर्थातच खिडकी असायची. सरसुद्धा कामाच्या नादात तिला दोनदा गांडूळ म्हणाले होते आणि मग चष्मा पुसत बसले होते.

सगळ्यात जास्त भीती वाटायची ती चकत्यांची. प्रत्येक पिशवीला प्लास्टिकची एक चकती असे आणि तिच्यावर पेन्सिलने लिहिलेलं असे, कारण मातीत शाई विटते, पेन्सिल टिकते. पुरणारी कोण, काढणारी कोण, असे दोन रकाने. गांडूळताई पुरायच्या आधीच दोन्ही रकान्यांत आपलं नाव लिहून टाकायची. आधीच्या संचांच्या चकत्या कपाटात टांगलेल्या होत्या, आणि कपाट उघडलं की तेच नाव जोडीजोडीने हलायचं. केवढा हा भरवसा स्वतःवर, असं नवीला वाटायचं, आणि मग वाईट वाटायचं.

ऊन चढल्यावर गांडूळताईच्या आई आल्या. शेवटच्या पिशव्या निघतील त्या दिवशी मला बोलवा, असं त्यांनी सरांना सांगून ठेवलं होतं. त्या घरी मशीनवर दप्तरं शिवायच्या, आणि लेकीच्या जाळीच्या पिशव्याही त्यांनीच शिवल्या होत्या. फाटकापाशी गाडीत एक गृहस्थ मान खाली घालून बसले होते.

“तिचे बाबा,” त्या म्हणाल्या. “शेतात पाऊल टाकवत नाही त्यांना.”

“काकू, उन्हात उभ्या नका राहू. झाडाखाली बसा ना.”

“बसूनच असते गं दिवसभर. उभं राहिलं की बरं वाटतं.” त्यांनी खड्ड्यांच्या रांगेकडे पाहिलं. “सापडेना का?”

“सापडेल,” नवी म्हणाली. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता.

काकू बांधावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाल्या, “आम्ही तिला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. डॉक्टरांनाही बजावून ठेवलं होतं. अशक्तपणा आहे, औषधाने जाईल, एवढंच सांगायचो. हसत खेळत गेली. तेवढंच एक समाधान.”

नवीने मान हलवली आणि खुरप्याला चिकटलेली माती अंगठ्याने काढत राहिली.

“इथे तिला गांडूळ म्हणायचे ना?”

नवी ओशाळली. “प्रेमाने म्हणायचे हो.”

“घरी येऊन आम्हाला ऐटीत सांगायची. जणू पदवीच मिळाली.” काकू हसल्या. हसता हसता त्यांचं लक्ष बांधाजवळच्या बादलीकडे गेलं. “हे काय गं?”

“कचरा, काकू. खताच्या गोण्या उसवतात, त्यांचे धागे इकडेतिकडे राहतात. सकाळी आल्या आल्या बांध साफ केला. मातीत प्लास्टिक राहू द्यायचं नाही असा आमचा नियम आहे. आणि ओढायचंही नाही, ओढलं की माती हलते. म्हणून मातीलगत कात्रीने कापायचं.”

हे सांगताना तिला थोडी ऐट वाटली. एवढं एक काम तरी आज धड झालं होतं.

काकूंनी बादलीतून एक निळा तुकडा उचलला. दोन बोटांत चोळला, पीळ उलगडून पाहिला, आणि सवयीने टोक दातांखाली धरलं.

“गोणीचा नाही हा,” त्या म्हणाल्या. “माझा आहे.”

“तुमचा?”

“दप्तरांच्या पट्ट्यांना हाच घालते मी. तीनपदरी. कुजत नाही, तुटत नाही. अख्खं रीळ मागून नेलं तिने. मी म्हटलं, एवढा दोरा काय करायचाय? तर म्हणाली, खुणेला. म्हटलं, तुला गं कधीपासून खूण लागायला लागली?”

त्यांनी तो तुकडा बोटाभोवती गुंडाळला.

नवीने बादलीकडे पाहिलं. सकाळी ती गुडघ्यांवर सरकत बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती आणि एकेक निळं टोक तिने जपून, माती न हलवता कापलं होतं. ज्या एका गोष्टीच्या शोधात ती मरमर खणत होती, तिचं टोक तिनेच कापून बादलीत टाकलं होतं.

आणि त्यामागोमाग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. जिच्या डोक्यात सगळं असतं तिला खूण कशाला लागेल? खूण दुसऱ्यासाठी ठेवतात. मागाहून येणाऱ्या, तिची काहीच माहिती नसलेल्या माणसासाठी. तिने काकूंकडे पाहिलं. त्यांना हे कळू द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

“सगळेच बांधतात, काकू,” ती घाईने म्हणाली. “इथला नियमच आहे तसा.”

“ती नव्हती बांधत.” काकूंचा आवाज साधा होता. पदर खोचून त्या बांधावरून खाली उतरल्या. “चल. कुठे कुठे कापलंस ते दाखव.”

दोघी गुडघ्यांवर बसल्या. नवीला जागा नेमकी आठवेना. काकूंनी तळवा मातीवरून अलगद फिरवला, कापडावर राहिलेली टाचणी शोधतात तसा, आणि नखाने माती उकरून एक निळं टोक वर काढलं.

“हळू ओढ. झटका देऊ नकोस.”

नवीने ओढलं. दोरा मातीच्या अगदी वरच्या थरात निजवलेला होता. शिवण उसवावी तशी माती एका रेषेत उकलत प्लॉटच्या आत गेली, धसकटांच्या ओळी ओलांडून, नवीने एकही खड्डा खणला नव्हता त्या बाजूला. मग दोरा अडला. खाली वळला आणि ताणून बसला, दुसरं टोक कोणी धरून ठेवल्यासारखा. नवीचा हात तिथेच थांबला.

“खण की,” काकू म्हणाल्या.

वीतभर खाली जाळी लागली. नवीने पिशवी दोन्ही हातांवर घेऊन वर काढली. आत पानांच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या. काठाने काकूंची शिवण जशीच्या तशी होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, मग चकतीवरची माती अंगठ्याने पुसली.

आधीच्या चकत्यांवरचं अक्षर डॉक्टरी असायचं. हे कोणालाही वाचता यावं असं, एकेक अक्षर सुटं काढलेलं होतं. पुरणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव होतं. काढणाऱ्याचा रकाना कोरा होता.

नवीने चकती मुठीत झाकायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता. काकू वाचत होत्या. बराच वेळ वाचत होत्या, वाचण्यासारखं त्यावर फारसं काही नव्हतं तरी.

“त्या रात्रीच कळलं होतं मला, तिला ठाऊक आहे ते,” त्या म्हणाल्या. “रीळ मागितलं तेव्हाच. मी काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. तिने रीळ पिशवीत टाकलं, मी दिवा घालवला. दोघीही नाटकात एक नंबर.”

“मग मघाशी तुम्ही...”

“ते तिच्या बाबांसाठी. सारखं म्हणून म्हणून माझ्या तोंडात बसलंय.” त्यांनी फाटकाकडे पाहिलं. “त्यांना वाटतं तिला काही ठाऊक नव्हतं. त्यावरच ते जगतात. गाडीपाशी आलीस तर यातलं काही बोलू नकोस.”

“नाही बोलणार.”

नवीला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. काकूंनी तिला रडू दिलं. मग चकती तिच्यापुढे धरली.

“पेन्सिल आहे ना?”

“आहे.”

“लिही मग. कोरं कोणासाठी ठेवलंय तिने?”

नवीने खिशात हात घातला. बोटांना आधी पिन लागली, मग पेन्सिल. ओल्या चकतीवर शिसं घसरत होतं, म्हणून तिने चकती अ‍ॅप्रनला पुसली आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिलं. काकूंनी वाकून पाहिलं आणि ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं.

“छान आहे की. मग सगळे नवी काय म्हणतात?”

उत्तराची वाट न बघता त्या उठल्या, गुडघे झटकले आणि बांधाकडे गेल्या. नवीने पिशवी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि बादलीतले निळे तुकडे एकेक करून वेचायला घेतले. ते टाकायचे नाहीत एवढं तिने ठरवलं होतं.

“हा बघ दुसरा,” बांधावरून काकूंनी हाक मारली. नवीच्या खऱ्या नावाने.

नवीने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग ती खुरपं घेऊन उठली.