उलटा न फिरणारा पाय

ज्या वर्षी माझी धाकटी मुलगी लग्न होऊन सासरी गेली, त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली, पण डावी बाजू मागे राहिली. डावा हात कापड धरायचा, आवळायचा मात्र नाही. डावा पाय फार वर उचलला जात नसे.

अक्का शिवणकाम करायची. सगळा जन्म पायमशीनवर गेलेला. गिऱ्हाइकं पुलापलीकडच्या वसाहतीत. मापं घ्यायला, शिवलेलं पोचवायला ती सायकलने जायची. आता त्या उंच दांड्याच्या सायकलवर टांग टाकणं जमत नव्हतं आणि तेवढं अंतर पायी चालवतही नव्हतं. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळू लागली.

भाचा लांबच्या शहरात नोकरीला. तो रजा काढून आला.

"आई, आता पुरे. मशीन देऊन टाकू कुणाला तरी. जाताना तुला घेऊनच जातो."

"तिथं येऊन काय करू?"

"काही करू नकोस. आराम कर."

तो बाहेर गेल्यावर अक्का मला म्हणाली, "छोट्या, त्याच्या घरी मी पाहुणी. पाहुणी दोन दिवस गोड. मरेपर्यंत कुणी पाहुणी राहतं का रे?"

मी पंपाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, डोक्यावर केस नाहीत, पण तिच्यासाठी छोट्याच. मी भाच्याला गाठलं. म्हटलं, "तुझी रजा संपायच्या आत ती एकटी वसाहतीत जाऊन आली तर?"

"तर राहू दे तिला इथंच. पण मामा, ती पडली तर मी तुम्हाला सोडणार नाही."

सिमेंटच्या गोदामामागे एक क्रूझर सायकल वर्षानुवर्षं कुंपणाला टेकून होती. जाड टायर, शिंगांसारखं रुंद हँडल, आणि मधला दांडा इतका खाली वाकलेला की पाय उचलायचं कामच नाही. तिच्यातून वेल वर चढला होता. वॉचमन म्हणाला, "न्या काका, साप निघायच्या आत न्या."

रॉकेलमध्ये बुडवून बेअरिंगचे छर्रे धुतले. गंजलेले आरे बदलले. कडक झालेली चेन फेकून जुन्या दोन चेन जोडून एक केली. सीट स्कूटरची बसवली. मागे फळांची पेटी घट्ट आवळली, आणि गिऱ्हाइकाच्या कपड्याला तेल लागू नये म्हणून डब्याचा पत्रा कापून चेनवर झाकण केलं. अक्काने उरलेल्या चिंध्यांचं सीटला कव्हर शिवलं आणि वर टोमणा मारला, "नवरी सजली. आता चालते का बघ."

या सायकलला हाताचा ब्रेक नव्हताच. पायडल मागे दाबलं की मागचं चाक थांबायचं. मी खूश. हात आवळत नाही ना, मग पायाने थांब!

गल्लीत अक्का बसली. झोकात निघाली. गल्लीच्या टोकाला बांधकामाची वाळू पडली होती. मी ओरडलो, "मागे दाब! अक्का, मागे!" ती तशीच सरळ वाळूत घुसली.

धावत जाऊन उठवलं. लागलं नव्हतं. तोंडातली वाळू थुंकत म्हणाली, "पाय मागे जातच नाही रे. मशीन उलटं फिरलं की दोरा तुटतो. एवढी वर्षं पायाला तेवढंच तर शिकवलंय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सायकल बघितली, हात बघितला, पाय बघितलाच नाही.

पण ती हट्टी. मागचं चाक अधांतरी राहील अशी सायकल मी विटांवर चढवली. अक्का रोज वर बसून पाय मागे दाबायची सवय करायची. आठवडाभरात जमलंही. मी हुश्श केलं, तर मशीनच्या खोलीतून शिव्या ऐकू आल्या. झंपर शिवताना पाय आपसूक मागे गेला होता. दोरा तुटला, पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

"छोट्या, सायकल शिकले आणि मशीन विसरले! भीक नको पण कुत्रं आवर."

भाचा दारात उभा होता. त्याने बॅग काढली आणि आईचे कपडे भरायला घेतले.

मी मागचं चाक उघडलं. ब्रेकवाला तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, काढला, अक्काच्या जुन्या सायकलचा साधा तुंबा त्या रिममध्ये ओवला. त्याच जुन्या सायकलच्या ब्रेकचे हात जाड टायरला आखूड पडले, म्हणून पट्ट्या जोडून लांब केले. मग भंगारातल्या मोपेडच्या ब्रेकचा लांब दांडा उजव्या मुठीजवळ बसवला आणि त्या एकाच दांड्यात पुढची नि मागची, दोन्ही तारा अडकवल्या. मागची जरा ताणून ठेवली, म्हणजे आधी ती धरेल. डाव्या हाताला काही कामच ठेवलं नाही.

रजेच्या शेवटच्या सकाळी अक्का निघाली. भाचा न सांगता मागून चालत गेला, आणि त्याच्या मागून मी. पुलाच्या उतारावर मी त्याला गाठलं, तोच अक्काला एक कुत्रं आडवं आलं. भाच्याने माझा दंड असा धरला की वळ उठले. अक्काने उजवी मूठ आवळली. सायकल थांबली, एक पाय जमिनीवर. कुत्र्याला काहीतरी सुनावून ती पुढे गेली.

परत आली तेव्हा पेटीत शाळेच्या गणवेशांचं कापड होतं.

"मास्तरीणबाई विचारत होत्या, मेलीस की काय म्हणून," ती म्हणाली. "आणि तू काय रे, आईच्या मागे हेरगिरी करतोस?"

भाचा हसला. बसल्या बसल्या त्याने मशीनला तेल घातलं, पट्टा ताणून दिला, आणि संध्याकाळच्या गाडीने एकटाच गेला.

अक्काने पुढे बरीच वर्षं गणवेश शिवले आणि स्वतःच पोचवले. भाच्याचा थोरला मुलगा कॉलेजात गेला, त्या वर्षीच्या हिवाळ्यात ती स्वतःच्या खोलीत झोपेत वारली.