कादीचं नाक

त्या हिवाळ्यात मी दोन कुत्रे परत पाठवले होते. दोन्ही अस्सल स्प्रिंगर स्पॅनियल. वंशावळीच्या कागदावर स्पर्धा जिंकलेल्या पूर्वजांची नावं लाल शाईत. पण पक्षी पडला तिकडे मी हात करावा, तर स्वारी निघाली भलतीकडेच. मला राग आवरत नाही, हे आमच्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. मी दोघांनाही 'बहिरे' म्हणून परत केलं.

तीस वर्षं मी हेच काम करतेय. शिकारीत पडलेले फेझंट पक्षी कुत्र्याकडून शोधून आणायचे, आणि एखादा जिवंत असला तर मान पिरगळून त्याला लगेच मोकळं करायचं. जखमी पक्षी रानात सोडून घरी जायचं नाही, हा आमचा नियम. तो मी कधी मोडला नव्हता. त्या हिवाळ्यात मात्र दर शनिवारी एखाददुसरा पक्षी मागे राहत होता.

माझा भाचा गेथिन या रानाचा राखणदार. गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून तो चहाच्या कपाकडे बघत बोलला, "मावशी, या शनिवारीही पक्षी राहिले तर मी दुसरं कुणी बघतो."

"मला काढतोस? तुझं शेंबडं नाक मी पुसलंय, गेथिन!"

"म्हणून तर मान वर करून बोलवत नाहीये."

मी तडक मेंढपाळ ट्यूडरकडे गेले. त्याच्याकडे कादी नावाची कुत्री होती. बाप स्प्रिंगर, आई कॉकर. बुटकी, तपकिरी, एक कान काट्यांनी फाटलेला.

"कागद आहेत का हिचे?"

"कागद नाहीत. नाक आहे."

"नाक तुझ्या मेंढ्यांनाही आहे."

"मग शनिवारी मेंढी घेऊन जा," ट्यूडर म्हणाला. "एक दिवस वापरून बघ. नाही पटली तर परत आण. तुला सवय आहेच."

शनिवारी हवा कोरडी होती, पण आदल्या दिवशीच्या पावसाने नदी फुगून तांबडी झाली होती. दुसऱ्या हाक्याला हाकेवाले काठ्या आपटत जंगल उतरले आणि फेझंट आमच्या डोक्यांवरून सुटले. शेवटी एक नर आला. बार झाला, तो डगमगला, आणि अलीकडच्या काठावर, काटेरी पानांच्या हॉलीच्या झाडाखाली पडला. मी स्वतः पाहिलं.

"बाई, तो नदीपार गेला वाटतं," बंदूकवाला पाहुणा म्हणाला.

"साहेब, तुम्ही बंदूक सांभाळा, पडलेलं मी सांभाळते."

कादीला मी हॉलीकडे सोडलं. तिने बुंध्याशी एकदा नाक लावलं, वळली, आणि सरळ नदीकडे निघाली. तिसरी! माझं डोकंच फिरलं. मी शिट्टी वाजवली.

ती थांबली. अगदी पाण्याच्या कडेला बसली, शिकवल्यासारखी. ती माझ्याकडे बघायची आणि मग पलीकडच्या काठाकडे. तिचं सगळं अंग थरथरत होतं, पण जागचं हलत नव्हतं. मी पुन्हा हॉलीकडे हात केला. तिने हात पाहिला आणि पुन्हा पलीकडे बघितलं. त्यात हट्ट नव्हता. मला कळायला वेळ लागतोय, एवढंच जणू ती समजून घेत होती. मागे गेथिन उभा होता, आणि पुढच्या हाक्यासाठी सगळे खोळंबले होते. परत बोलावते असं म्हणत मी शिट्टी ओठांना लावली आणि मला फुंकवेना.

"जा," मी म्हणाले.

प्रवाहाने तिला वीसेक पावलं खाली नेलं. ती पलीकडे चढली, अंग झाडलं, आणि नाक जमिनीला टेकवून माग धरला. चढावर वाळलेले नेचे माणसाच्या कमरेइतके. त्यांत ती दिसेनाशी झाली. नुसते शेंडे हलत होते: वर, मग आडवे, मग उलटे खाली, पक्षी जिथून फिरला असेल तिथून तशीच फिरून पुन्हा वर. पळून गेलेल्या पायांची वाट ती वासावरून वाचत होती. मी तीस वर्षं कुत्रे पाहिलेत, तरी माझ्या अंगावर काटा आला. जे आम्हा कुणाच्या वाट्याला आलं नाही, असं काहीतरी त्या बुटक्या जनावराला मिळालं होतं, आणि मी तिला हात करून दाखवत होते!

बऱ्याच वेळाने ती पुन्हा पाण्यात शिरली, तोंड वर धरून. तिने पक्षी माझ्या हातात दिला. पंख मोडलेला, पण तिचा एक दातही त्याला लागला नव्हता. त्याचं काळीज माझ्या तळव्यात धडधडत होतं. मी त्याला मोकळं केलं.

तेवढ्यात गेथिन हॉलीकडून आला. हातात दाण्याची रिकामी, मळकी पिशवी.

"मावशी, तिथे एवढंच होतं."

मी पडलेला पक्षी समजले होते ती हीच. बहिरे म्हणून हाकललेले ते दोघे मला आठवले. आणि त्यांना मी ज्यांच्यापासून मागे बोलावलं, ते पक्षीही. रात्रभर थंडीत कुठेतरी पडून राहिले असतील. मला फार लाज वाटली, आणि माफी मागावी तर त्या पक्ष्यांपैकी आता कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या हाक्याला आणखी एक पक्षी हेलकावत गेला. तोच पाहुणा या खेपेला अदबीने म्हणाला, "बाई, कुठे पडला? पाहिलात ना?"

गेथिन जवळच होता. पूर्वी प्रश्न संपायच्या आत मी बोट दाखवलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "मला आता नीट दिसत नाही हो. हिला विचारू या."

मी कादीच्या गळ्यातला दोर काढला. ती सुटली. गेथिन तिच्याकडेच बघत होता, माझ्याकडे नाही.

"पुढच्या शनिवारी साडेआठला या," तो म्हणाला. "दोघी."